पहिले पंधरा दिवस

गांजा सोडायचा ठरवलेला मुलगा चौथ्या रात्री तीन वाजता टक्क जागा असतो. उशी घामाने भिजलेली, ताट तसंच झाकून ठेवलेलं आणि आईने काही विचारलं की तिच्यावर खेकसणं. घरच्यांना वाटतं, पोरगा हाताबाहेर गेला. खरं तर तो वाटेला लागलेला असतो. चिडचिड, उडालेली झोप, मेलेली भूक, चित्रविचित्र स्वप्नं हा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असतो आणि बहुतेकांचा दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. झोपेची घडी बसायला मात्र थोडा जास्त वेळ लागतो. हे आधी कोणी सांगत नाही, म्हणून कितीतरी जण नेमके याच दिवसांत पुन्हा ओढू लागतात.

‘गांजाची सवय लागत नाही’ हा कट्ट्यावरचा समज साफ खोटा आहे. पण सवय लागलेल्याला दूर लोटायचं नसतं. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी उभारलेल्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्राने व्यसनी माणसाला रुग्ण म्हणून जवळ घ्यायला शिकवलं. कायद्यातही उपचाराची वाट आहे. अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या प्रकरणात स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनग्रस्ताला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. पोलिसांच्या धास्तीने मुलाला लपवणाऱ्या पालकांनी हे जाणून घ्यावं.

मुलांनो, जुना कट्टा काही महिने टाळा. पाय घसरलाच तर लाजेने तोंड लपवू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहा. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन मोफत आहे: १४४४६. आजच फोन लावा.