हितसंबंध पाहा, पुरावाही पाहा

भिलाई पोलाद कारखान्यात ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक ओव्हन विभागाच्या गॅसवाहिनीवर देखभालीचे काम चालू असताना आग भडकली आणि कामगारांचे बळी गेले. भाजलेले कामगार इस्पितळात दगावत गेले, तसा पहिल्या बातम्यांतील मृतांचा आकडा वाढत गेला. अशा वेळी व्यवस्थापनाचे निवेदन, युनियनचे पत्रक आणि भांडवली वृत्तपत्रातील बातमी यांपैकी विश्वास कशावर ठेवावा? ‘सांगणारा कोण?’ एवढे विचारून आपल्यापैकी अनेक जण हा प्रश्न निकालात काढतात.

सांगणाऱ्याचा वर्गीय हितसंबंध पाहिलाच पाहिजे. काय दडविले जाण्याचा संभव आहे, हे त्यावरून कळते. परंतु विधानाचा खरेखोटेपणा त्यावरून ठरत नाही.

भिलाईसाठी सोव्हिएत युनियनशी करार झाला तो फेब्रुवारी १९५५ मध्ये. वर्षभरानंतर ख्रुश्चॉव्ह यांनी विसाव्या पक्षकाँग्रेसच्या बंद बैठकीत स्टालिनकालीन दडपशाहीवर भाषण केले. त्याचा मजकूर जून १९५६ मध्ये अमेरिकन परराष्ट्र खात्याने प्रसिद्ध केला. हेतू उघड होता, आणि अनेक देशांतील कम्युनिस्टांनी मजकुरावर अविश्वास दाखविला. तरीही तो खरा होता. १९८९ साली तो सोव्हिएत युनियनमध्येच छापला गेला. त्याच अमेरिकन खात्याचे प्रमुख पॉवेल यांनी ५ फेब्रुवारी २००३ रोजी सुरक्षा परिषदेत इराकजवळ सर्वसंहारक शस्त्रे असल्याचे सांगितले. ती शस्त्रे सापडली नाहीत. खाते एकच, एक माहिती खरी ठरली, दुसरी खोटी.

म्हणून कसोटी सर्वांना एकच हवी, आपल्या पत्रकालाही. ठेकेदारी कामगारांची हजेरी, इस्पितळातील नोंद, कामाचा लेखी परवाना, प्रत्यक्ष हजर असलेल्यांचे म्हणणे, हे सारे ताडून पाहावे लागते. आपल्या पत्रकातील एक चुकीचा आकडा दहा खऱ्या आरोपांना बोथट करतो आणि व्यवस्थापनाची वाट मोकळी होते. उलट, केवळ अधिकाऱ्याने दिली म्हणून धोक्याची सूचना झिडकारली, तर किंमत कामगाराच्या प्राणांनी मोजावी लागते.

भिलाईतच १२ जून २०१४ रोजी कार्बन मोनॉक्साइडच्या गळतीने सहा जणांचा बळी घेतला. मृतांत वरिष्ठ अधिकारीही होते. त्या वायूला रंग नाही, वास नाही. तो आहे की नाही, हे मापकावर पाहूनच ठरवावे लागते. ही शिस्त आपण माहितीच्या बाबतीतही अंगी बाणविली पाहिजे.