कार्ड बदलण्याआधी जाब विचारा

परवा भाच्याचा फोन. "मामा, नवीन गेम अडकतोय. दुकानदार म्हणतो ग्राफिक्स कार्ड बदला." कार्ड जुनं म्हणावं तर गेल्या दिवाळीत घेतलेलं, सोयाबीनच्या पैशातून. दाजींनी तेव्हाच चार शब्द सुनावले होते. आता परत?

हे घरोघरी चाललंय. गेम अडकला की दोष मशीनचा, म्हणजे शेवटी बापाच्या खिशाचा. गेम बनवणाऱ्या कंपनीला मात्र कोणी काही विचारत नाही. मी विचारतोय.

जीटीए ऑनलाइन घ्या. कॉम्प्युटरवर तो सुरू व्हायला अनेकांना पाच-सहा मिनिटं लागायची. लोकांना वाटायचं, आपलंच मशीन कमी पडतंय. फेब्रुवारी २०२१ मध्ये बाहेरच्याच एका प्रोग्रामरने आत डोकावून पाहिलं. गेममधल्या विक्रीच्या वस्तूंची जेमतेम १० एमबीची यादी, त्यात सुमारे ६३ हजार नोंदी. गेम एकेक तुकडा वाचायचा आणि दर वेळी उरलेली अख्खी फाइल पुन्हा मोजायचा. किराणा यादीतली एक ओळ वाचायची आणि दर ओळीला पार शेवटपर्यंत बोट फिरवून यायचं, तसा प्रकार! त्याने दुरुस्ती केली आणि त्याच मशीनवर सहा मिनिटांचं काम दोन मिनिटांच्या आत आलं. रॉकस्टारने ती चूक मान्य केली, मार्चमध्ये अपडेट दिलं, त्याला १० हजार डॉलरही दिले. चांगलं केलं. पण मधल्या वर्षांत ज्यांनी यासाठी नवा प्रोसेसर घेतला, त्यांचं काय?

हेलडायव्हर्स २ तर कॉम्प्युटरवर दीडशे जीबी जागा खात होता. जुन्या हार्ड डिस्कवर लवकर उघडावा म्हणून तोच तो डेटा पुन्हा पुन्हा साठवलेला. २०२५ च्या शेवटी ते काढलं, तर गेम २३ जीबीच्या आसपास आला. आणि लोक जागा पुरत नाही म्हणून नवीन एसएसडी घेत बसले होते.

मॉन्स्टर हंटर वाइल्ड्सच्या शिफारशीतल्या मशीनवर ६० फ्रेम मिळतील असं लिहिलं होतं, पण फ्रेम जनरेशन चालू ठेवून. म्हणजे मधल्या फ्रेम कार्डाने अंदाजाने बनवायच्या. अडचणीला ठेवलेलं औषध यांनी रोजचं जेवण केलं.

कोणी म्हणेल, कन्सोल एकसारखे असतात, कॉम्प्युटर हजार तऱ्हेचे. मान्य. रे ट्रेसिंगला ताकद लागते, तेही मान्य. दहा वर्षं जुन्या कार्डावर आजचा गेम पळावा, असं मीही म्हणत नाही. पण २०१६ चा डूम याच हजार तऱ्हेच्या मशीनवर आला आणि मध्यम कार्डावरही छान पळाला. पुढे व्हल्कनचं अपडेट आल्यावर एएमडीची तीच कार्डं आणखी पळायला लागली. कार्ड तेच, काम नीट केलेलं.

आणि मी प्रोग्रामरला आळशी म्हणत नाही. गेम कधी बाजारात आणायचा, ते तो ठरवत नाही. ऑप्टिमायझेशनला वेळ लागतो, वेळ म्हणजे पैसा. कंपनी तो वाचवते आणि आपण तो कार्डाच्या रूपाने भरतो. सरळ हिशोब आहे.

मग करायचं काय? जून २०१५ मध्ये स्टीमवर परताव्याची सोय सुरू झाली. त्याच महिन्यात बॅटमॅन: अर्कम नाइटची कॉम्प्युटर आवृत्ती इतकी बिघडलेली निघाली की वॉर्नर ब्रदर्सला विक्री थांबवावी लागली. ती ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाली. म्हणजे ग्राहक अडून बसला की कंपनी हलते. आजही खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल, तर स्टीमवर पैसे परत मागता येतात. मागा. लाजू नका. आगाऊ बुकिंग तर करूच नका. चार लोकांच्या मशीनवर कसा चालतो ते बघा, मगच घ्या.

भाच्याला हेच सांगितलं. गेम परत कर, दोन अपडेट येऊ देत, मग बघू.

आणि दाजी, तुम्ही हे वाचत असाल तर यंदाचे सोयाबीनचे पैसे घरातच ठेवा.