वाडीची माती, गोणीची माती

कला शाखेच्या विद्यार्थ्याने मातीविषयी लिहायचे म्हणजे तिच्यावर कविता करायची, असा आपल्याकडे एक समज आहे. मृद्‌गंध, काळी आई, मातीचे ऋण हे सगळे वार्षिकांकात पहिल्या पावसासारखे नेमाने येते. पण कुंडीत मोगरा लावायचा तर माती कोणती घ्यावी, तीत खत किती मिसळावे, हे विचारून पाहा. आमच्यातले निम्मेअधिक मित्र रोपवाटिकेचा पत्ता सांगतील. वसईत राहून आपण माती गोणीने विकत आणतो, याचे मला नवल वाटते आणि थोडा रागही येतो.

वसईची जमीन एकजात नाही. अर्नाळ्यापासून किल्ल्यापर्यंत किनाऱ्यालगतचा पट्टा वाळूसर. आत आले की भाताची चिकण जमीन, खाडीकडे खाजण, आणि पूर्वेला तुंगारेश्वराच्या पायथ्याशी मुरमाड तांबडी माती. आगाशी, निर्मळ, नंदाखाल, गास या बाजूच्या वाड्या त्या पहिल्या पट्ट्यातल्या. नुसत्या वाळूत पाणी ठरत नाही, खत धुपून जाते. मुळांना हवा तेवढी भरपूर. चिकणमातीचे नेमके उलटे. तिचे कण ०.००२ मिलिमीटरहूनही बारीक, त्यामुळे पाणी आणि खत धरून ठेवतात, पण मुळांचा श्वास कोंडतात. आता पानवेलीला सतत ओलावा हवा आणि मुळाशी पाणी साचलेले तर मुळीच चालत नाही. केळीचेही थोड्याफार फरकाने तसेच. तेव्हा वसईची पाने आणि वसईची सुकेळी ज्या मातीतून आली, ती माती निसर्गाने तयार करून दिलेली नव्हती. आपल्या माणसांनी ती पिढ्यान्‌पिढ्या कालवली.

कालवण्याचे साहित्य वाडीतच होते. बावखल हा शब्द आमच्या वर्गात किती जणांना ठाऊक आहे, कोण जाणे. वाडीत खणलेले तळे ते बावखल. पावसाचे पाणी त्यात साठते, वाळूतून झिरपते, आणि पूर्वी त्यावर रहाट चालत. पालापाचोळा, धुपून आलेली बारीक माती, शेवाळ हे सगळे त्याच्या तळाशी बसते. उन्हाळ्यात पाणी उतरले की हा गाळ काढून वाडीत टाकायचा. वाळूला जे नाही ते गाळात आहे, गाळाला जे नाही ते वाळूत आहे! सोबतीला शेणखत, एरंडीची पेंड, सुकवलेल्या बारीक मासळीचे खत.

आमच्या आजोबांचे प्रमाण असे : वाडीची माती दोन टोपल्या, गाळ एक टोपली, जुने कुजलेले शेणखत एक टोपली, वर मूठभर पेंड. गाळ ओला वापरायचा नाही. उन्हात वाळवून, ढेकळे फोडून, मगच. पेंड मिसळल्यावर माती ओलसर करून पंधरा दिवस पडू द्यायची, कारण कुजताना ती तापते आणि कोवळे मूळ भाजते. (घरात कुत्रे असेल तर या पेंडीपासून लांब ठेवा, ते हुंगत येते आणि ती त्याला विषारी असते.) मग परीक्षा. ओलसर मातीची मूठ वळायची. मूठ उघडताच ढासळली तर वाळू जास्त. बोटांचे ठसे उमटून गोळा घट्टच राहिला तर गाळ जास्त. गोळा टिकला आणि अंगठ्याच्या धक्क्याने फुटला की जमले. खाजणाकडच्या गाळाचा कण मात्र ते आधी जिभेला लावीत. खारट लागला की परत. आम्हाला हे किळसवाणे वाटे. पण क्षारातला सोडियम चिकणमातीचे कण विस्कटतो, छिद्रे बुजतात आणि जमीन दगडासारखी होते, हे वाचल्यावर त्या जिभेविषयी माझा आदर वाढला. अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला कंपोस्ट खताची पद्धत बसवली, तेव्हा इथल्या शेतकऱ्याला आपला गुरू मानण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. आपल्यालाच तेवढा वाटतो.

गोणीतल्या मातीशी माझे वैर नाही. नालासोपाऱ्यात चौथ्या मजल्याच्या खिडकीत तुळस लावणाऱ्याने काथ्याचा हलका भुसा वापरला तर शहाणपणच केले. फक्त तो आधी दोन-तीनदा धुवावा, त्यातही क्षार असतात. माझे भांडण आहे ते वाडीवर पडणाऱ्या मुरमाशी. डोंगर पोखरून आणलेला मुरूम डंपरने बावखलात लोटायचा, वरून रोलर फिरवायचा, आणि उरलेल्या चार फुटांत शोभेची झाडे लावण्यासाठी लाल माती विकत आणायची, ही कुठली रीत?

हा प्रश्न आमच्या घरातच उभा आहे. काकांना आमचे बावखल बुजवायचे आहे. त्यांची बाजू मला समजते. केळीला पूर्वीसारखा भाव उरलेला नाही, मजूर मिळत नाहीत, आणि भराव घातलेल्या जागेला गिऱ्हाईक दारात येते. पण हिशेब पुरता मांडला पाहिजे. समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून सुमारे अडीच टक्के जड. म्हणून किनाऱ्याच्या वाळूत गोडे पाणी त्याच्यावर तरंगत असते. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून एक फूट वर असेल तर खाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी असते. वरचा फूट गेला की खालचे चाळीसही जातात, आणि विहिरीत खारे पाणी चढते. बावखल त्या वरच्या फुटाचा राखणदार आहे. पावसाळ्यातली गोष्ट वेगळीच. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपारा पाण्याखाली गेले, गाड्या बंद पडल्या. पाण्याच्या जागा आपण बुजवल्या. ते आपल्या घरात आले, यात त्याचे काय चुकले?

१९८०च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईसाठी लढा दिला. तेच फादर पुढे जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. जुलै २०२४ मध्ये ते गेले. साहित्य आणि माती ही दोन खाती वेगळी आहेत असे मानणाऱ्यांनी त्यांच्याकडे पाहावे. आम्ही मोर्चे काढावेत असे मी म्हणत नाही. पण मराठी विभागाने वाड्यांतल्या म्हाताऱ्या माणसांकडे बसून बावखल, रहाट, पुळण, खाजण यांचे शब्द आणि मातीची प्रमाणे टिपून घ्यायला काय हरकत आहे? आणि महाविद्यालयाच्या बागेला दरवर्षी गोण्या कशाला? जवळच्या एका बावखलाचा गाळ काढून आणला तर बाग होईल आणि बावखलही खोल होईल.

काकांनी निर्णय दिवाळीपर्यंत लांबवला आहे. तोवर या मे महिन्यात आम्ही गाळ काढणार आहोत. ज्यांना कुंड्यांसाठी हवा असेल त्यांनी रिकामी गोणी घेऊन यावे. शेणखत मात्र ज्याचे त्याने आणायचे.