गारांचा इशारा आणि कापून पडलेला शालू



मार्च लागला की आम्ही बाजारभावाआधी आठवड्याचा हवामान अंदाज विचारतो. बंगालच्या उपसागराकडून दमट वारे येतात, वायव्येचे कोरडे वारे त्यांना विदर्भ-मराठवाड्यावर भिडतात, खाली जमीन तापलेली. दुपारनंतर ढग उभे राहतात आणि गारा कोसळतात. हवामान खाते चार-पाच दिवस आधी पिवळा, नारिंगी इशारा देते. त्याबद्दल तक्रार नाही. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट ज्यांनी भोगली, त्यांना इशाऱ्याची किंमत कळते.

पण इशारा ऐकून करायचे काय? शालू कापून पडलेला, कणसे खुडायला मजूर नाही, मळणीयंत्राची पाळी चार दिवसांनी. एक सर आली की दाणा काळा पडतो, कडबा कुजतो. शेवटच्या वेच्याचा कापूस भिजला तर व्यापारी कवडीच्या भावानेच मागतो. ताडपत्री घ्यावी म्हटले तर पैसा लागतो, आणि तो भावातून यायला हवा होता.

त्यात 2025 च्या खरिपापासून राज्याने पीकविम्याची भरपाई पीककापणी प्रयोगाच्या सरासरीवर आणली. गारा काय मंडळाची हद्द पाहून पडतात? एका शिवारात पीक आडवे होते, बांधापलीकडे ऊन असते. (कारखान्याला आग लागली तर शेजारच्या कारखान्यांची सरासरी कोणी काढत नाही.)

स्थानिक आपत्तीची शेतकरीनिहाय भरपाई पुन्हा सुरू करा, असा ठराव या जिल्हा बैठकीत व्हावा, ही आमची मागणी आहे. तोवर इशारा आला की कणसे आधी झाका, कडबा नंतर.