नाव आणि टोपणनाव



पेणचे ते पेणकर, रोह्याचे ते रोहेकर. आपले पूर्वज कोकणात ज्या गावी राहिले, त्या गावानेच त्यांना आडनाव दिले. आज इस्रायलमध्ये वाढणारी आपली मुले मात्र इन्स्टाग्राम वा टिकटॉकवर स्वतःचे नाव स्वतःच ठरवितात. कित्येकांची तर दोन खाती असतात: एक जगाकरिता, दुसरे निवडक मित्रांकरिता. यास लबाडी म्हणणे आम्हांस अन्यायाचे वाटते. ‘मी कोण?’ हा प्रश्न या वयात पडतोच. आजीची मराठी आणि शाळेतील हिब्रू यांच्यामध्ये वाढणाऱ्या मुलास तो अधिकच पडतो.

आमची चिंता निराळी आहे. पूर्वी पोरवयातील वेडेपणा गल्लीत होई व गल्लीतच विसरला जाई. आता तो छायाचित्रात साठून राहतो आणि त्यास पसंतीचे आकडे चिकटतात. चेहरा ‘सुंदर’ करणारे कित्येक फिल्टर सावळा वर्ण आपोआप उजळतात. आपला रंग ही जणू दुरुस्त करावयाची चूक आहे, असे आपल्या मुलींस न बोलता सांगितले जाते. २०२१ साली उघड झालेल्या इन्स्टाग्रामच्या अंतर्गत कागदपत्रांत अशी नोंद होती की, आपल्या देहाविषयी असमाधान वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते अधिकच वाढते, असे ३२ टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितले.

खात्यासाठी १३ वर्षांची अट आहे, म्हणून अनेक पालक निश्चिंत असतात. परंतु ही अट मुलांच्या समजुतीवरून ठरलेली नाही. मुलांची माहिती गोळा करण्यावर निर्बंध घालणाऱ्या १९९८ च्या अमेरिकन कायद्यातून ती आली. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांच्या खात्यांस मनाई केली. तेथे दंड कंपन्यांस आहे, मुलांस वा पालकांस नाही.

कायदा होईल तेव्हा होईल. घराने काय करावे? फोन हिसकावल्यास मूल आपल्या नकळत आणखी एक खाते उघडते. त्यापेक्षा ‘हे नाव का घेतलेस?’ असे विचारावे आणि उपदेश न करता उत्तर ऐकावे. मग आपल्या आडनावाचे गाव नकाशावर दाखवावे. येथे आल्यावर ज्यांनी आडनावास हिब्रू रूप दिले, त्यांनी ते का दिले हेही सांगावे. नव्या जगात नवे नाव घेण्याचा अनुभव आपल्या पिढीसही आहे. मुलांशी बोलावयास तेवढा धागा पुरेसा आहे, असे आम्हांस वाटते.