इंग्रजीत विचार करा म्हणे!

उरणच्या एका पालकसभेत परवा एक विद्वान गरजले, "मुलं मराठीत विचार करतात, म्हणून त्यांचं इंग्रजी लेखन बिघडतं. घरात मराठी बंद करा!" टाळ्या पडल्या. बंदर आल्यापासून इथे इंग्रजीला भाव आहे. गंमत म्हणजे हे सगळं भाषण मराठीतच झालं.

त्यांचा पुरावा खोटा नाही. डोक्यात 'तिला विचारलं' असतं, म्हणून वहीत 'आस्क्ड टू हर' उतरतं. मराठीत 'अ' आणि 'द' नाहीत, म्हणून ती गळतात, नाहीतर भलतीकडे चिकटतात. चिनी मुलांचीही तीच गत. त्यांच्या भाषेत तर क्रियापद काळाप्रमाणे रूपच बदलत नाही. पण इंग्रज आईच्या मांडीवरचं पोरही 'वेंट'ऐवजी 'गोएड' म्हणतं. त्याच्या घरी कोणती भाषा बंद करायची?

माझी खरी चीड निराळी आहे. भाषेची सावली म्हणे एकाच बाजूने पडते! स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह मराठीने इंग्रजीकडूनच घेतलं. मेजर कँडीचं 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक 1850 चं. पुढे 'त्याच्याद्वारे काम केले गेले' असली वाक्यंही आपण मुकाट गिळली. इंग्रजीची सावली मराठीवर पडली की प्रगती, मराठीची इंग्रजीवर पडली की रोग! 1966 साली एका अमेरिकी अभ्यासकाने तर चित्रच काढलं: इंग्रजी लेखन सरळ रेषेत, पौर्वात्यांचं भोवऱ्यासारखं. पुढे त्यानेच सूर मवाळ केला. आमच्या विद्वानांकडे ती बातमी अजून यायची आहे.

आणि हा खटला जुनाच, फक्त आरोपी बदललाय. आमच्या लहानपणी घरच्या आगरी बोलीने मराठी बिघडत असे. वर्गात 'पानी' म्हटलं की छडी. पोरं 'पाणी' शिकली आणि हात वर करायची थांबली. आता मराठीची पाळी.

मग करावं काय? उधाणात बांधाला खांड गेली तेव्हा आजोबांनी काय केलं, ते पोराला आधी घरच्या बोलीत सांगू द्या. मग इंग्रजीत लिहू द्या. दोन्ही वाक्यं फळ्यावर शेजारी मांडा. 'तिला'तला 'ला' तिकडे का लागत नाही, ते त्यालाच शोधू द्या. उपाय एवढाच, कबूल.

'इंग्रजीत विचार' केलेले निबंधही मी तपासलेत. विषय 'हिल स्टेशनची सहल', व्याकरण चोख, चाळीसच्या चाळीस सारखे. त्यातल्या एकानेही हिल स्टेशन पाहिलेलं नव्हतं.