सत्कार दहावीचा, पट पहिलीचा

दरवर्षी जून-जुलैत माझ्या व्हॉट्सॲपवर एकसारखे फोटो येतात. हॉल, मागे ‘गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार’ असा फ्लेक्स आणि हातात ट्रॉफी धरून उभी दहावी-बारावीची मुलं. एका बाजूला जमातीचे पदाधिकारी, दुसऱ्या बाजूला आखातातून सुट्टीवर आलेले देणगीदार. मीही एकदा असा उभा राहिलो आहे. ती ट्रॉफी गावच्या घरी टीव्हीच्या वर अजून आहे, फक्त तिचा वरचा तारा निखळलाय.

त्याच जूनमध्ये आमच्या वाडीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला किती मुलं आली, त्याचा फोटो कुणी पाठवत नाही. मी फोन करून विचारलं. दोन. चार इयत्ता मिळून पट अकरा. त्या अकरात आपल्या मोहल्ल्यातलं एकही मूल नाही. मोहल्ल्यात मुलं नाहीत असं नाही. सकाळी सव्वासातला व्हॅन येते, ती भरून जाते, आणि शाळेच्या फाटकासमोरूनच जाते.

गाव मालवण तालुक्यातलं, किनाऱ्यावरचं. नाव मुद्दाम देत नाही. दिलं की चर्चा त्या एका गावाची होते आणि बाकीची गावं सुटतात.

त्या शाळेत मी चौथीपर्यंत शिकलो. दोन खोल्या, वर कौलं, पुढे चिऱ्याचा कट्टा. वर्गात गाबितांची मुलं होती, भंडाऱ्यांची होती, बौद्धवाडीतली होती आणि आम्ही मोहल्ल्यातली सात-आठ. गुरुजींनी आम्हाला भागाकार रापणीवर शिकवला. जाळं ओढून झालं की वाळूवर वाटे पडतात : जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. गुरुजी विचारायचे, साडेचारशे बांगडे, अठरा वाटे, त्यातले तीन जाळ्याचे, तर जाळेवाल्याला किती? पंचाहत्तर हे उत्तर सगळ्यात आधी कोण द्यायचं माहीत आहे? सगळ्यात मागे बसणारा, वहीसुद्धा धड नसलेला मुलगा. कारण तो पहाटे बापाबरोबर दोर ओढून आलेला असायचा. आज याला ‘अनुभवाधारित अध्ययन’ म्हणतात आणि त्याची प्रशिक्षणं होतात. गुरुजींना हे नाव माहीत नव्हतं.

ही आठवणींची कढ नाही. आजही त्या शाळेत एक बाई आहेत. परसबाग आहे, तिथली लाल भाजी पोषण आहारात जाते. मुलं वर्षातून एकदा आठवडी बाजार भरवतात, कोकमं आणि शहाळी विकतात, हिशोब स्वतः लिहितात. जिल्हा परिषदेच्या बाल कला-क्रीडा महोत्सवात ‘ज्ञानी मी होणार’ नावाची प्रश्नमंजूषा असते. गेल्या वेळी या अकरांतल्या दोघी केंद्रावरून तालुक्यापर्यंत गेल्या. बाईंनी स्वतःच्या पैशाने रिक्षा केली. यांच्यासाठी फ्लेक्स लागला नाही. जमातीने लावायचा प्रश्नच नव्हता, कारण त्या दोघी ‘आपल्या’ नव्हत्या.

कोकण बोर्ड दहावीला राज्यात पहिलं येतं याचा आपल्याला फार अभिमान. २०२५ मध्ये राज्याचा निकाल ९४.१० टक्के आणि कोकणाचा ९८.८२ टक्के लागला. पण दहावीचं हे पीक ज्या रोपवाटिकेतून येतं, ती या वाडीवाडीवरच्या दोन खोल्यांत आहे. ती आपण मोडत चाललोय आणि वर पिकाचा सत्कार करतोय.

आता मुलं का काढली जातात याची कारणं बघू. पहिलं कारण इंग्रजी, आणि ते खोटं नाही. माझी इंग्रजी पाचवीपासून सुरू झाली. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी पहिले दोन महिने मी लेक्चरला नुसता मान हलवत बसलो होतो. पण राज्यात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवतात, हे आपल्या किती पालकांना ठाऊक आहे? आणि व्हॅनने जातात त्या शाळेत काय मिळतं? आमच्या नात्यातला एक तिसरीतला मुलगा बाष्पीभवनाची इंग्रजी व्याख्या न चुकता म्हणतो. त्याला विचारलं, अंगणात वाळत घातलेल्या सोड्यांतलं पाणी कुठे गेलं? तो माझ्याकडे बघत राहिला. त्याची आई बारावी झालेली, हुशार बाई, पण मराठीतून शिकलेली. ती त्याचा गृहपाठ घेऊ शकत नाही, म्हणून शिकवणी लावलीय. म्हणजे मराठी शाळेत जी आई मुलाची पहिली शिक्षिका झाली असती, तिला आपण फी भरून घरातच अडाणी केलं.

दुसरं कारण ‘आपल्या वातावरणाची’ शाळा. मी यावर चिडतो, कारण साधं गणित चुकतंय. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गची लोकसंख्या ८ लाख ४९ हजार ६५१, दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी. त्यात आपण सुमारे तीन टक्के, आणि तेही किनाऱ्यापासून घाटापर्यंत विखुरलेले. एवढ्या पोरांत प्रत्येक मोहल्ल्याजवळ स्वतंत्र शाळा चालत नाही. चालते ती एखादी, लांब, व्हॅन लावून. शिक्षणहक्क कायद्याखालचे नियम पहिली ते पाचवीसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत असावी म्हणतात. सहा वर्षांच्या पोराला आपण स्वतःहून रोज तासभर व्हॅनमध्ये कोंबतो. दीनी तालीम संध्याकाळी मक्तबमध्ये होतेच की. आमचीही झाली, आणि सकाळच्या परिपाठाने तिचं काही बिघडलं नाही.

या पळापळीत काय हातचं जातं ते ऐका. जिल्ह्याचं नवोदय विद्यालय सावंतवाडी तालुक्यात सांगेलीला आहे. सहावीत जास्तीत जास्त ८० मुलं घेतात, निवासी शिक्षण, आणि राहणं-जेवण-पुस्तकं सरकारची. (देशातल्या पहिल्या दोन नवोदयांपैकी एक आपल्या अमरावतीत निघालं होतं.) किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. प्रवेश परीक्षा मराठीतून देता येते, उर्दूतूनही देता येते. पण नियम असा आहे की ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली हवीत. त्या काळात एक दिवस जरी शहरी हद्दीतल्या शाळेत काढला, तरी मूल शहरी धरलं जातं. आता सांगा, तुमच्या गावची व्हॅन कुठे जाते? नगर परिषदेच्या हद्दीत जात असेल, तर तिसरीच्या पहिल्या दिवशीच तुम्ही पोराला मोठ्या रांगेतून काढून छोट्या रांगेत उभं केलंत, आणि त्यासाठी वर फीही भरलीत. हे मला समजलं तेव्हा मी चार नातेवाइकांना फोन केले. चौघांनाही माहीत नव्हतं. सत्काराला आलेल्या कुठल्याही पाहुण्याने हे कधी सांगितलं नव्हतं.

शिष्यवृत्ती परीक्षेचंही तेच. पाचवीची परीक्षा ३०० गुणांची : प्रथम भाषा, गणित, तृतीय भाषा आणि बुद्धिमत्ता चाचणी. यातले १०० गुण गणिताचे, १०० बुद्धिमत्तेचे. ही परीक्षा आधी चौथी-सातवीला होती. ती पाचवी-आठवीला गेली तेव्हा चौथीपर्यंतच्या वाडीशाळांचा त्यातला सहभागच संपला. आता ती पुन्हा चौथी-सातवीला आणायचा निर्णय झालाय, म्हणजे आमच्या अकरा पटाच्या शाळेलाही पुन्हा मुलं बसवता येतील. आणि हे आपल्यासाठी अधिक महत्त्वाचं का? कारण अल्पसंख्याकांची केंद्राची प्रि-मॅट्रिक शिष्यवृत्ती पहिली ते आठवीसाठी २०२२-२३ पासून बंद झाली. त्या विरोधात आपण पोस्ट टाकल्या, बरोबरच होतं. पण जी परीक्षा धर्म न विचारता सगळ्यांना खुली आहे, तिला मोहल्ल्यातली किती मुलं बसतात ते कुणी मोजलं?

तिसरं कारण भीतीचं. त्यावर मला उपदेश करता येणार नाही. २३ फेब्रुवारी २०२५ ला भारत-पाकिस्तान सामना झाला, घोषणा दिल्याच्या आरोपावरून मालवणात तक्रार झाली, आणि दुसऱ्याच दिवशी भंगार व्यवसाय करणाऱ्या एका मुस्लिम कुटुंबाचं दुकान नगर परिषदेने पाडलं. पंधरा दिवसांची नोटीस दिल्याशिवाय असं पाडकाम करू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ ला बजावून जेमतेम तीन महिने झाले होते. अवमान याचिका त्या न्यायालयापर्यंत गेली. त्या आठवड्यात मला गावाहून जे फोन आले, त्यात एक वाक्य सारखं होतं : पोरांना आपल्यातच ठेवलेलं बरं. मी त्या आयांना भित्र्या म्हणणार नाही. पुण्यात गेटबंद सोसायटीत राहून तसं म्हणणं सोपं आहे.

तरीही विचारतो. आपल्यात ठेवलं म्हणजे सुरक्षित झालं का? त्याच आठवड्यात माझ्या चुलतभावाच्या दुकानावर रात्री दोघे येऊन बसले. काही बोलले नाहीत, नुसते बसले. दोघेही आमच्याच शाळेतले, एकाने माझ्याबरोबर रापणीचे वाटे मोजलेले. पुढच्या पिढीत असं येऊन बसणारा कोण असेल? ज्याने आपल्या पोराला फक्त व्हॅनच्या काचेतून पाहिलंय, तो येईल? शाळेने द्वेष थांबतो असला भाबडेपणा माझ्यात नाही. दुकान पाडताना टाळ्या वाजवणारेही कुठल्या ना कुठल्या मराठी शाळेत ‘सारे भारतीय माझे बांधव आहेत’ म्हणूनच मोठे झालेत. पण एका सतरंजीवर बसण्याची चार वर्षं आपण स्वतःच्या हाताने रद्द करतोय, तर त्या रिकाम्या जागेत दुसरं काय आणून बसवणार आहोत, हे कुणी मला सांगावं.

सरकार तर टपूनच आहे. वीसपेक्षा कमी पटाच्या राज्यात सुमारे १५ हजार शाळा आणि त्यात १ लाख ८५ हजारांवर मुलं, हा आकडा २०२३ मध्ये समूह शाळांची टूम निघाली तेव्हाचा. पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणं दाखवून प्रस्ताव मागवले गेले. मग १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा निर्णय आला : वीस पटापर्यंतच्या शाळेला एक नियमित शिक्षक, दुसरा निवृत्तांमधून. नंतर त्यातही फेरफार होत राहिले. एक बाई, चार इयत्ता, ऑनलाइन माहिती भरणं, पोषण आहाराचा हिशोब, निवडणुकीचं काम. मग मुलं मागे पडतात, मग पालक म्हणतात शाळा चांगली नाही, मग पट आणखी घसरतो आणि मंत्रालयात कुणीतरी म्हणतं, बघा, पालकांनाच नको आहे. या शेवटच्या वाक्याला पुरावा पुरवण्याचं काम आपली व्हॅन दररोज सकाळी करते.

आणि आपण? ९ जानेवारीला फातिमा शेख यांचं चित्र स्टेटसला ठेवतो. कुणी त्यांच्या अस्तित्वावर शंका घेतली की सावित्रीबाईंचं १० ऑक्टोबर १८५६ चं पत्र काढून तोंडावर मारतो. मारायलाच हवं. पण त्यांनी शिकवलं ते अक्षरओळखीच्या मुलींना, सत्काराच्या हॉलमध्ये नव्हे, एवढंही लक्षात असू द्या.

आता माझं. माझी मुलगी पुण्यात इंग्रजी माध्यमात शिकते. गावी गेलो की शेजारच्या वयस्क काकी विचारतात, “तुजा चेडू खंय शिकता रे?” मी शाळेचं नाव सांगतो आणि विषय बदलतो. तेव्हा मी कुणाला शहाणपण शिकवतोय? याचं चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. पुण्यात मला घराजवळ धड मराठी शाळा सापडली नाही, हे अर्धं खरं आहे. मी फार शोधली नाही, हे उरलेलं अर्धं.

म्हणून जेवढं करता येतं तेवढं. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात, निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा तीच करते, पैसा कुठे जातो ते तीच बघते. मोहल्ल्यातलं एकही मूल पटावर नाही, म्हणून मोहल्ल्यातलं एकही माणूस पालक म्हणून त्या समितीत बसू शकत नाही. मीही नाही. पण समितीत स्थानिक शिक्षणतज्ज्ञासाठी एक जागा असते, आणि ती बहुतेक ठिकाणी ज्याला वेळ नाही अशा कुणाच्या तरी नावाने भरलेली असते. गावात राहणाऱ्या, डी.एड. किंवा बी.एस्सी. झालेल्या आपल्या मुलींनो, ती मागा. पहिल्या बैठकीत ट्रॉफ्या मोजू नका. ‘असर’वाले करतात तसं दुसरीच्या पातळीचं एक पान प्रत्येक मुलासमोर धरा आणि कोण वाचतं, कोण अडतं ते लिहून काढा. अकरा मुलांना तास पुरतो.

जमातीच्या यंदाच्या बैठकीत मी ट्रॉफीच्या खर्चातून शिष्यवृत्तीची सरावपुस्तकं आणि दोन शनिवारी वर्ग घेणाऱ्याचं मानधन मागितलं, पटावरच्या सगळ्या मुलांसाठी, आपली असोत-नसोत. एका ज्येष्ठांनी विचारलं, “त्यात आपली मुलं किती?” मी म्हटलं, सध्या शून्य. ठराव पुढच्या बैठकीवर ढकललाय. तोवर माझ्या मावसभावाने पोरीचं नाव व्हॅनच्या यादीतून काढलंय. ती जूनमध्ये पहिलीत जाईल. पट बारा.